टोक आधी झिजतं

यंत्राला दोनच चाली ठाऊक:
जाणं-येणं, आणि फिरणं.
ऐंशी वर्षं मोटारसायकल जात-येत राहिली.
दट्ट्या वर, दट्ट्या खाली,
दर टोकाला क्षणभर थबकून माघारी,
कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या माणसासारखा.
मग एका जर्मन डोक्यात आलं,
थांबायचंच कशाला?

कमरेत चेपलेल्या डब्यात
तीन कोनांचा लोखंडी गोळा.
अडखळल्यासारखा फिरतो, अडखळत मात्र नाही.
एका बाजूला घास घेतो, दुसरीला दाबून पेटवतो,
तिसरीला धूर फेकून मोकळा.
न्यूरेंबर्गच्या लोकांनी तो गाडीत बसवला,
समोर मोठा पंखा लावला.
गाडीला नाव पडलं व्हॅक्यूम क्लीनर.

हामामात्सुत मुराकोशी तेव्हा एकोणतीसचा.
हिवाळ्यातला कोरडा वारा
कारखान्याच्या पत्र्यावर रात्रभर तबला वाजवायचा,
आणि हा मायक्रोमीटर घेऊन पट्ट्या मोजायचा.
बोटभर पट्ट्या, गोळ्याच्या तीन टोकांवर बसणाऱ्या.
काम एवढंच:
एका चुलीचा धूर दुसरीत जाऊ द्यायचा नाही.

फुमिए डब्यात भाताचे तिकोनी मुटके द्यायची.
"हेच," तो एकदा म्हणाला, "अगदी हेच फिरवतोय आम्ही."
"आणि मधलं खारं आलुबुखार?"
"तो आस."
ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी
मुटके जरा जास्त नेमके झाले होते.

चौऱ्याहत्तरला गाडी आली,
आणि तेल गेलं.
पंपावर रांगा, आणि ही बया पिणारी.
नळकांडी इतकी तापायची
की नळकांड्याला दुसरं नळकांडं घालावं लागलं.
कार्ब्युरेटरला तारांचा गुंता.
ओहायोतल्या दुकानदारांनी टाकी काढून आत पाहिलं
आणि टाकी परत बसवली.
पण चावी फिरवली की
घड्याळांवरचं हिरवट झाकण
पापणीसारखं आपोआप उघडायचं.
ते मात्र कुणाला विसरता आलं नाही.

दोन वर्षांत खेळ आटोपला.
साचे म्हणे समुद्रात बुडवले.
मुराकोशीला विचारा, तो भरतीच्या वेळा सांगतो.

पुढे त्याची बदली आउटबोर्ड मोटारींकडे,
जाणं-येणंवाल्या.
इंग्लंडात कुणीतरी चिकाटीनं तो गोळा फिरवत राहिलं,
पोलिसांच्या गाड्यांमध्ये, रेशमासारखा, न थरथरता.
एका जूनमध्ये, समुद्रातल्या एका बेटावर,
भिंतींना घासत जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर
अशीच एक गाडी पहिली आली.
मुराकोशीनं ते न्हाव्याच्या दुकानातल्या मासिकात वाचलं,
पान फाडलं, घडी करून खिशात घातलं.
न्हावी आरशात बघत होता. काही बोलला नाही.

परवा फ्रीसलंडहून सायब्रेन नावाचा उंच माणूस आला.
दारात डोकं आपटून घेतलं,
मग बिस्किटांच्या डब्यातून कापसात गुंडाळलेल्या
तीन पट्ट्या काढल्या. गोठ्यात सापडलेल्या गाडीच्या.
फुमिए गेल्याला सहा वर्षं झाली,
आता मुटके मुराकोशीच वळतो, ओबडधोबड.
एक पाहुण्यापुढे ठेवला.
पट्ट्या त्यानं चष्मा न लावता
अंगठ्याखालून सरकवल्या, सावकाश,
जसं मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा.
दोन ठीक. तिसरीवर अंगठा थांबला.

"ही माझी नाही," तो म्हणाला.
"ही नंतर कुणीतरी बसवली. चांगली बसवली."

पाहुणा मुटका कोपऱ्याकडून खात होता.
वारा सुटला होता.
दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती,
म्हणून मुराकोशीनं हवेत बोटानं
तो चेपलेला डबा काढला, आणि आत गोळा,
आणि बोट फिरवत राहिला,
बराच वेळ,
कुठंही न थांबता.